कर्णिकबाईंची उलटतपासणी

कर्णिकबाईंबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी ऐकलेलं नाही. ज्यांच्या केसेस त्यांनी जिंकून दिल्या त्या बायकासुद्धा रस्त्यात बाई दिसल्या की पलीकडच्या फुटपाथवर जात. मी त्यांच्याकडे तीन-साडेतीन वर्षं ज्युनिअर वकील होते आणि रोज संध्याकाळी काम सोडायचा पक्का निश्चय करून घरी जात असे. सकाळी परत हजर. सनद नवी होती, नेरुळच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं होतो आणि बाकीच्या ऑफिसांत बाईमाणसाला टायपिंगपलीकडे काही मिळत नव्हतं, ही कारणं खरी आहेत. पण तेवढीच नव्हती.

ऑफिस म्हणजे बेलापूरच्या एका सोसायटीतला तळमजल्यावरचा वन रूम किचन. बाहेर ऑफिस, आत बाई राहत. त्यांचं लग्न कधी झालं होतं का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची माझी छाती नव्हती. आमच्याकडे कामं जवळजवळ सगळी पोटगीची, त्यातही मुलांच्या पोटगीची. नव्वदच्या दशकात हे नवं शहर भराभर वसत होतं. मुंबईतून, कोकणातून, देशावरून जोडपी येत, कर्ज काढून फ्लॅट घेत आणि चार वर्षांत त्यातला नवरा दुसऱ्या सेक्टरमध्ये दुसरा संसार मांडून बसे. खाडीकाठच्या गावांत जमिनींचे पैसे आले होते, तिथेही हाच प्रकार. आमच्या बाकड्यावर सकाळपासून बायका बसलेल्या असत, कडेवर पोर, हातात प्लास्टिकची पिशवी.

बाई दिसायला किरकोळ. पायांत पुरुषी चपला, तोंडात कायम बडीशेप, आणि एवढ्याशा शरीरातून येणारा आवाज मात्र असा की वरच्या मजल्यावरचे जोशी दार लावून घेत. अशिलांना त्या नावाने हाक मारत नसत. नवऱ्याच्या धंद्यावरून मारत. बँकवाली, कांदेवाली, टँकरवाली. मी एकदा म्हटलं, "बाई, त्यांना वाईट वाटतं."

"नावं सगळ्यांची सारखीच असतात गं," त्या म्हणाल्या. "नवरे तेवढे वेगळे. मला लढायचंय नवऱ्याशी."

मला त्या ‘नवीन’ म्हणत. शेवटच्या वर्षापर्यंत मी नवीनच होते.

त्यांची काम करायची एक पद्धत होती आणि तिच्यामुळेच त्यांची एवढी बदनामी झाली. साक्षीच्या आधी त्या अशिलाला आमच्या खिडकीपाशी उभी करत, गज धरायला लावत, आणि नवऱ्याचा वकील होऊन तिची उलटतपासणी घेत. बाकड्यावर बसलेल्या सगळ्या बायकांच्या देखत. "तुमचं शेजारच्या पाटलांकडे जाणं-येणं होतं ना? ते घरी एकटे असतानाच का हो जायचात? मुलगा तुमच्यावर गेलाय म्हणता, मग रंग कुणाचा घेतलाय?" हे असले प्रश्न, आणि तेही त्या बिचारीच्या सातवीतल्या मुलासमोर. बाई रडायला लागली की कर्णिकबाई थांबत, बडीशेप तोंडात टाकत, रडणं संपेपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर बघत, आणि मग पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. रुमाल देणं नाही, पाणी देणं नाही.

"इथे काय ते रडून घे," त्या म्हणत. "तिथे रडलीस की जजसाहेबांना तुझी दया येते. दया आली की ते तुझ्याकडे बघतात आणि कागद बघायचे राहतात. मला हुकूम हवाय."

काही बायका त्या खिडकीतूनच परत घरी गेल्या, केस सोडून. बाईंना त्याचं काही वाटत नसे. ज्या टिकल्या त्या मात्र कोर्टात पिंजऱ्यात उभ्या राहिल्या की समोरच्या वकिलाला घाम फुटे. त्याने काहीही विचारलं तरी त्याहून घाण आधीच ऐकून झालेलं असे.

नवऱ्यांशी त्यांचं वागणं वेगळंच होतं. त्यांना त्या चहा देत. एक बँकवाला होता, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट. दुसऱ्या बायकोला मुलगा झाला म्हणून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला आणि नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आता खर्च वाढलाय, पहिल्या मुलीची पोटगी थोडी कमी करता आली तर बघा." बाईंनी बॉक्स उघडला, एक पेढा स्वतः खाल्ला आणि बाकीचे बाकड्यावर वाटले. बाकड्यावर त्याची पहिली बायको बसली होती. तिच्याही हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "खा. तुझ्या मुलीला भाऊ झाला." ती खाऊ शकली नाही, हातात धरून बसली. दुसऱ्या दिवशी बाईंनी पोटगी वाढवून मागण्याचा अर्ज टाकला. माणूस पेढे वाटतो म्हणजे त्याचं बरं चाललंय, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि कांदेवालीची गोष्ट तर सगळ्या मार्केटला माहीत होती. तिचा नवरा एपीएमसीत कांद्याचा व्यापारी. कोर्टात म्हणाला, मी दुसऱ्याच्या गाळ्यावर नोकर आहे. बाईंनी कांदेवालीला आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाला रिक्षात घातलं, मलाही बरोबर घेतलं, आणि भर लिलावाच्या वेळी आम्ही त्याच्या गाळ्यासमोर. माथाडी पाठीवर गोण्या घेऊन चाललेले, दलाल ओरडतायत. बाईंनी पोराला कांद्याच्या गोण्यांवर उभं केलं आणि म्हणाल्या, "हाक मार. पप्पा म्हण. मोठ्याने." पोर बावरलं. नवऱ्याने तोंड फिरवलं. पोराने हाक मारली, मग पुन्हा मारली, मग रडत मारत राहिलं. सगळी कामं थांबली. शेवटी एक म्हातारा माथाडी पाठीवरची गोणी खाली टाकून म्हणाला, "शेठ, पोरगं तुमचंच हाय की. आमाला काय म्हाईत नाय काय, गाळा कोनाचा त्ये?"

तडजोड त्याच आठवड्यात झाली. पण तो मुलगा पुढे आईबरोबर ऑफिसात आला की बाकड्याखाली जाऊन बसे. मी बाईंना ते दाखवलं. "बसू दे," त्या म्हणाल्या. "शाळेची फी भरली गेली ना?"

अशा बाईंकडे एक दिवस जयवंती आली.

जयवंती खाडीकाठच्या दिवाळे गावची कोळीण. उंच, काळी, नाकात मोठी नथ, अंगाला मासळीचा वास आणि त्याची तिला बिलकूल लाज नाही. नवरा हरेश्वर त्याच गावचा, पण न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडे लागला आणि पैसे हातात खेळायला लागल्यावर नेरुळला फ्लॅट घेऊन दुसरीबरोबर राहू लागला. पोर झाली तेव्हापासून त्याने दमडी दिली नव्हती. पोरीचं नाव पूनम, वय सहाच्या आतबाहेर. जयवंती तिला कुठेही सोडत नसे. मासळीच्या पाटीशेजारी ती, कोर्टात ती, आमच्याकडेही ती.

जयवंती सगळ्यांशीच एकेरीत बोले. बाईंना बघून म्हणाली, "तू वकील? एवरीशी?"

बाईंनी तिला खिडकीपाशी उभी केली आणि नेहमीची फैर झाडली. पहाटे धक्क्यावर कुणाच्या टेम्पोतून जातेस, बोटीवरच्या कुठल्या तांडेलाशी बोलतेस, सगळं. जयवंती रडली नाही. तिने कमरेला पदर खोचला आणि बाईंना जे काही ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही. बाकड्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आणि कर्णिकबाईंना मी पहिल्यांदाच खूश झालेलं पाहिलं. "हिला शिकवायची गरज नाही," त्या म्हणाल्या. पण त्यांची नजर जयवंतीवर नव्हती. जमिनीवर बसलेल्या पूनमवर होती. एवढा आरडाओरडा चालला होता आणि पोर शांतपणे आपल्या फ्रॉकचा दोरा ओढत होती.

बाई उठल्या, तिच्या पाठीमागे गेल्या आणि जोरात टाळी वाजवली. पूनमने मान वळवली नाही.

जयवंतीचा चेहरा क्षणात उतरला. "उशिरा बोलनार हाय ती," ती म्हणाली. "तिचा मामा पन उशिराच बोलला."

"तिला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "कानाला यंत्र लागेल. वाशीला तशा मुलांची शाळा आहे. उशीर केलास तर जन्मभर मुकी राहील."

"म्हाईत हाय मना. म्हनूनच आले ना तुज्याकरं." मग तिने बाईंचे दोन्ही हात धरले. बाईंचे हात धरलेलं मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. "पन त्या कागदान लिहू नको. कोर्टान बोलू नको. गावान कलला तर उंद्या बायको कोन करील तिला? पोरीची जात हाय."

बाईंनी हात सोडवून घेतले. "बघू," एवढंच म्हणाल्या. जयवंतीने तेच वचन मानलं. गावात कुजबूज असणारच, पण कुजबूज वेगळी आणि कोर्टात चारचौघांत बोललेलं वाक्य वेगळं, हे तिला आमच्याइतकंच कळत होतं. बाईंनी अर्जात पोरीच्या कानांचा उल्लेख केला नाही.

हरेश्वरचं म्हणणं सरळ होतं. बायको मासळीवर भरपूर कमावते, तिला आणि पोरीला माझ्या पैशांची गरज नाही. त्याचे वकील ठाण्याचे सबनीस, पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे. साक्षीच्या दिवशी हरेश्वरने गावातली दहा-बारा माणसं आणून मागे बसवली होती. मी पूनमला घेऊन खिडकीजवळच्या बाकावर बसले. जयवंती पिंजऱ्यात अशी उभी राहिली की आता समोरच्याचं काही खरं नाही.

सबनीसांनी उभं राहून आधी तिला नमस्कार केला. "जयवंतीताई, उन्हातून आलात. पाणी हवंय का?"

जयवंती गोंधळली. पाणी कधी कुणी विचारलं नव्हतं, निदान आमच्याकडे तरी.

"गोड आहे हो तुमची मुलगी. तिचं सगळं तुम्हीच करता?"

"मंग कोन करनार?"

"पहाटे उठायचं, धक्क्यावर जायचं, डोक्यावर पाटी, वर पोर सांभाळायची. एकट्या बाईने. कमाल आहे. माझी आई अशीच होती." सबनीसांचा आवाज खरोखर ओलसर झाला. "कधी कुणापुढे हात पसरला नसेल तुम्ही."

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. काय होणार ते त्यांना कळलं होतं. आपण या बाईला दगड खायला शिकवलं, आणि समोरचा फुलं घेऊन आला.

जयवंती ताठ झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते अभिमानाचं. "कनाला पसरू हात? कोल्याची पोर हाय मी. माजे पोरीला मी पोसताव. रानीवानी पोसताव. त्याचे पैशाची मना काय गरज परली?"

मागे गावकरी हसले. "धन्यवाद, ताई," सबनीस म्हणाले. "मला आणखी काही विचारायचं नाही."

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. व्हरांड्यात बाईंनी जयवंतीला भिंतीला टेकवून उभी केली. साक्ष अर्धवट असताना साक्षीदाराशी असं बोलणं नियमात बसत नाही, पण नियम सांगायला मी कोण. "फेरतपासणीत मी विचारीन. तू सांगायचंस, मी एकटी पोसू शकत नाही. म्हण."

"खोटा कशी बोलू?"

"यंत्र घेऊ शकलीस? शाळेत घातलंस? मग खोटं कसं? म्हण."

"घेईन कवातरी. पन त्या मेल्यासमोर मी असा नाय बोलनार. गाव बसलाय तिथं."

बाईंनी तिला तीन-चारदा सांगून पाहिलं. ती मान हलवत राहिली. "बरं," असं म्हणून बाईंनी डबा उघडला आणि निवांतपणे पोळी-भाजी खाल्ली. बाई ‘बरं’ म्हणाल्या की मला भीती वाटे.

सुट्टीनंतर बाई उभ्या राहिल्या. "साक्षीदार, तुमच्या मुलीला हाक मारा."

जयवंतीने बाईंकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाली, "बाय, नको."

सबनीसांनी हरकत घेतली. साहेब म्हणाले, "यातून काय सिद्ध करायचंय?"

"एक मिनिट, साहेब. मारा हाक."

"पूनम," जयवंती म्हणाली. जेमतेम आम्हाला ऐकू गेलं.

"मासळीच्या लिलावात अशी मारता का हाक? जोरात."

आणि मग जयवंतीने हाक मारली. खाडीपलीकडे पोचेल अशी. व्हरांड्यातून शिपाई धावत आला, शेजारच्या खोलीतले वकील दारात येऊन उभे राहिले, गावकऱ्यांचं हसू थांबलं. पूनम माझ्या मांडीला टेकून माझ्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. ती आपल्याच नादात होती.

"का वळत नाही ती?"

बाईंनी प्रश्न परत विचारला, त्याच आवाजात.

"तिला ऐकाला येत नाय."

"केव्हापासून?"

"जल्मापासना."

"त्यावरचा खर्च मासळीच्या पाटीवर भागतो?"

"नाय."

इथे थांबता आलं असतं. साहेबांनी पेन उचललं होतं, लिहायला सुरुवातही केली होती. पण बाई थांबल्या नाहीत. "म्हणजे तुम्ही मुलीला पोसू शकता की नाही? साहेबांकडे बघून सांगा."

जयवंतीने पिंजऱ्याचं लाकूड घट्ट धरलं होतं. "नाय पोसू शकत," ती म्हणाली. बाईंनी चष्मा पुसला आणि खाली बसल्या.

मला त्या क्षणी कर्णिकबाईंचा तिटकारा आला. तो अजून गेलेला नाही. हरेश्वरने त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच स्वतःच्या मुलीकडे नीट बघितलं, आणि शेजारच्याला म्हणाला, "आमचे घरान कोन बयरा नाय." संध्याकाळपर्यंत सगळ्या दिवाळ्याला कळलं होतं. जयवंती माझ्याशी न बोलता आली, एवढी मोठी पोर तिने कडेवर घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

हुकूम आमच्या बाजूने झाला. कायद्याने देता येईल तेवढी जास्तीत जास्त पोटगी, आणि तीही अर्ज केल्याच्या तारखेपासून, त्यामुळे मागची थकबाकी एकदम हातात आली. तिच्यातून यंत्र आलं. पूनम वाशीच्या शाळेत जाऊ लागली. मी धीर करून बाईंना म्हटलं, "तुम्ही बोलणार नाही असं तिला वाटलं होतं."

"तिला काय वाटलं त्यावर साहेब हुकूम देत नाहीत," बाई म्हणाल्या.

प्रकरण तिथे संपलं असतं तर जयवंतीने बाईंचं तोंडही पुन्हा पाहिलं नसतं. पण पोटगीचा हुकूम मिळणं आणि पोटगी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरेश्वर चार महिने पैसे भरी, दोन महिने बुडवी. दर वेळी वसुलीचा अर्ज, दर वेळी वॉरंट. म्हणून जयवंतीला आमच्याकडे यावंच लागे. ती यायची आणि बाईंकडे पाठ करून बसायची. बोलायची माझ्याशी. "तिला सांग, पैसे आले नाय."

बाई हाताच्या अंतरावर. "नवीन, तिला सांग, शुक्रवारी कोर्टात यायचं."

मी दोघींना एकमेकींचं सांगत असे. हसावं की रडावं कळत नसे. एकदा न राहवून मी जयवंतीला म्हटलं, "दुसरा वकील करून देऊ का?" ती माझ्यावरच खेकसली, "दुसरा जित्तेल?"

मला ठाण्याला एका मोठ्या ऑफिसात जागा मिळाली. माझा बेलापुरातला शेवटचा आठवडा चालू होता तेव्हा ती पुन्हा आली. बरोबर पूनम, शाळेच्या गणवेशात, छातीवर यंत्राची डबी, तिथून कानापर्यंत गेलेली वायर. हरेश्वरने पुन्हा पैसे बुडवले होते. पण जयवंती या वेळी पाठ करून बसली नाही. ती सरळ बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. बाकड्यावरच्या बायका सावरून बसल्या.

"माजी पोर बोलली," जयवंती बाईंना म्हणाली.

बाईंनी लिहिणं थांबवलं. "काय बोलली?"

"काल गल्लीन खेलत व्हती. घरा आली, न अशी छातीवर हात मारून मना सांगते, बयरी. बयरी. हसत व्हती." जयवंतीचा आवाज चिरत गेला. "तुज्या कोर्टापासना सगली पोरा तिला तीच हाक मारतान. तिला वाटते, तिचा नावच हाय त्या."

मी बाईंकडे बघत होते. आज तरी त्या काहीतरी म्हणतील, निदान मान खाली घालतील, असं मला फार वाटत होतं.

"शब्द स्पष्ट होता?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"बयरी म्हणाली ते तुला नीट कळलं? की अंदाजाने?"

जयवंतीने हात उगारला असता तर मी तो धरला नसता. "कलला," ती म्हणाली.

"मागून हाक मारली तर वळते?"

"वलते," जयवंती म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसली.

"मग आता नाव शिकव तिला," बाई म्हणाल्या आणि परत लिहायला लागल्या.

जयवंतीने पोरीला पुढ्यात ओढलं, तिच्या छातीवर डबीच्या बाजूला बोट ठेवलं, आणि ओठ मोठे करून म्हणाली, "पूनम."

पोरीला खेळ वाटला. तिने हसून स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बयरी."

बाईंचं पेन चालूच होतं. "परत सांग," मान वर न करता त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."